लाकडी डेक : पूर्वतयारी व स्टेन

घराला लागून उघड्यावर, फळ्यांमध्ये फट ठेवून बांधलेल्या लाकडी चौथऱ्याला डेक म्हणतात. त्याचा पृष्ठभाग आडवा असतो. पाणी त्यावर रेंगाळते, ऊन सरळ पडते आणि वर पायांची घासण असते. त्यामुळे भिंतीवर टिकणारा लेप डेकवर टिकत नाही. स्टेन हे लाकडात मुरणारे, रंगद्रव्य मिसळलेले पातळ द्रव्य असते. ते आत शिरले तर झिजत झिजत जाते. वरच राहिले तर त्याचे पोपडे निघतात. नव्या डेकवरच्या बहुतेक तक्रारी स्टेनच्या दर्जाशी नव्हे, तर लाकडाने तो प्यायला की नाही याच्याशी निगडित असतात.

ओलावा. डेकसाठी बहुधा दाबाखाली परिरक्षक (लाकूड कुजू न देणारे) द्रव्य भरलेले पाइनसारखे मऊ लाकूड वापरतात. हे द्रव्य तांबेयुक्त असते आणि पाण्यात मिसळून भरले जाते, त्यामुळे नवी फळी अनेकदा हाताला जड व गार लागते. लाकडाच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असताना स्टेनला जागाच नसते. ओलावा सुमारे १५ टक्क्यांच्या खाली आल्यावरच काम सुरू करावे. ओलावामापक नसेल तर पाण्याचे थेंब टाकून पाहावे : दहा मिनिटांच्या आत जिरले तर लाकूड तयार आहे, मोत्यासारखे उभे राहिले तर नाही. ही चाचणी उन्हातल्या एकाच फळीवर न करता सावलीतल्या, जिन्याजवळच्या आणि जमिनीलगतच्या फळ्यांवरही करावी. खाली हवा खेळत नसेल तर फळीची खालची बाजू बरीच मागे राहते. तांब्याचे क्षार असलेल्या लाकडात विद्युतरोधावर चालणारा मापक आकडा थोडा जास्त दाखवतो, हेही ध्यानात ठेवावे. भट्टीत पुन्हा वाळवलेले लाकूड घेतल्यास प्रतीक्षा जवळजवळ वाचते. एरवी हवामानानुसार काही आठवडे ते काही महिने लागतात.

‘नवा डेक वर्षभर तसाच सोडा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो अर्धाच बरोबर आहे. वाळण्यासाठी थांबणे योग्य. वाळल्यानंतरही थांबणे नुकसानीचे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना जोडून ठेवणारा घटक, मोडतात. उघड्या लाकडावर हे काही आठवड्यांतच सुरू होते. तंतू सुटे होतात, रंग करडा पडतो आणि त्यावर दिलेला हात त्या मेलेल्या थराबरोबरच निघून जातो. उशीर झालाच असेल तर आधी तो करडा थर काढावा लागतो.

पृष्ठभाग उघडणे. यंत्रावर रंधलेली नवी फळी गुळगुळीत, किंचित चकचकीत दिसते आणि वाळल्यावरही पाणी नीट पीत नाही. याचे कारण रंध्याच्या पात्यांनी दाबले गेलेले तंतू की आणखी काही, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. उपाय मात्र ठरलेला आहे : ६० ते ८० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने फळीच्या लांबीत घासणे. फर्निचरची सवय असलेले हात १५० किंवा २२० पर्यंत जातात, आणि तिथेच चूक होते. इतक्या बारीक पेपरने लाकडाची तोंडे मिटतात आणि स्टेन फिका, ठिगळासारखा बसतो. घासण्यापूर्वी वर आलेले स्क्रू थोडे खाली बसवून घ्यावेत, नाहीतर पेपर फाटतो आणि स्क्रूवरचा गंजरोधक थरही खरवडला जातो. परिरक्षक भरलेल्या लाकडाची भुकटी फुप्फुसांना अपायकारक असते. मुखपट्टी वापरावी आणि भुकटी गोळा करावी, जाळू नये.

यानंतर धुणे. सोडियम परकार्बोनेटवर आधारित क्लीनर कोमट पाण्यात विरघळवून पसरावा, दहा-पंधरा मिनिटे ओला ठेवावा, कडक ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावा. क्लोरीनयुक्त ब्लीच टाळलेले बरे. ते बुरशी मारते, पण तंतू खराब करते आणि खिळ्या-स्क्रूंना गंज आणते. क्लीनर अल्कधर्मी असल्याने लाकूड काळपट होते. त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण दिले की रंग उजळतो आणि लोखंड व टॅनिन (लाकडातील तुरट द्रव्य) यांच्या संयोगाने खिळ्यांभोवती पडलेले काळे डागही जातात. हातमोजे आणि चष्मा हवाच. शेजारची झाडे आधी ओली करून झाकावीत. दाबाच्या पाण्याचे यंत्र वापरायचे तर मऊ लाकडावर दाब ५०० ते ६०० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पौंड) आसपास, पंख्यासारखी धार आणि फळीपासून सुमारे ३० सेंमी. अंतर ठेवावे. धार जवळ आणली की वार्षिक वलयांतला मऊ भाग उडून जातो आणि कडक रेषा उंचवट्यासारख्या उरतात; असे लाकूड पुन्हा घासण्याखेरीज गत्यंतर नसते. धुतल्यावर किमान दोन कोरडे दिवस जाऊ द्यावेत, आणि थेंबांची चाचणी पुन्हा करावी.

निवड. रंगहीन तेल पाणी अडवते, ऊन अडवत नाही. साधारण वर्षभरातच लाकूड करडे पडते. अर्धपारदर्शक स्टेनमध्ये आयर्न ऑक्साइडसारखी रंगद्रव्ये असतात, ती ऊन थोपवतात आणि रेषाही दिसू देतात. तो दोन-तीन वर्षे टिकतो व नव्या डेकसाठी सर्वांत सोयीचा असतो. अपारदर्शक स्टेन जास्त काळ टिकतो, पण वर पापुद्रा धरतो. चालण्याच्या वाटेवर तो सोलला की सगळा खरवडावा लागतो. जवसाच्या तेलावर आधारलेला स्टेन छान मुरतो, मात्र दमट जागी बुरशीला ते तेल खाद्य ठरते, म्हणून त्यात बुरशीरोधक असल्याची खात्री करावी. इपेसारखे अतिघन लाकूड फारच थोडा स्टेन पिते. त्याला एकच पातळ हात पुरतो.

हात देणे. हवा १० ते ३२ अंश सेल्सिअस, फळीवर थेट ऊन नाही आणि पुढचे २४ ते ४८ तास पाऊस नाही, अशी वेळ निवडावी. तापलेल्या फळीवर स्टेन मुरण्याआधीच सुकतो. एक लिटर साधारण ५ ते ८ चौ. मी. जागेला पुरतो, खडबडीत लाकडावर त्याहून कमी. २० चौ. मी. डेकच्या पहिल्या हाताला ३ ते ४ लिटर धरावेत. कठडा वेगळा मोजावा, कारण त्याच्या उभ्या दांड्या वेळ आणि माल दोन्ही खातात. एकाहून अधिक डबे लागणार असतील तर ते एका बादलीत एकत्र करावेत, म्हणजे छटा बदलत नाही. रंगद्रव्य तळाशी बसते. काठीने तळापासून ढवळावे आणि काम चालू असतानाही अधूनमधून ढवळत राहावे.

कठडा आधी, फळ्या नंतर. एका वेळी दोन-तीनच फळ्या घेऊन टोकापासून टोकापर्यंत पूर्ण कराव्यात. मध्येच थांबले की ओली कड सुकते आणि पुढच्या हाताशी गाठ पडते तिथे गडद पट्टा उमटतो. रोलर किंवा पॅडने पसरवले तरी मागोमाग ब्रश फिरवून स्टेन आत रेटावा. कापलेली टोके फळीच्या पाठीपेक्षा कितीतरी अधिक पाणी ओढतात आणि कुजण्याची सुरुवातही तिथूनच होते. टोकांवर आधी परिरक्षक लावावे, ते सुकल्यावर पोट भरेपर्यंत स्टेन द्यावा. पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरले नाही ते कापडाने पुसून घ्यावे. राहू दिले तर ते डाग चकचकीत होतात, दिवसेंदिवस चिकटतात आणि पावसात पांढुरकेही पडतात. ‘जास्त लावले तर जास्त टिकेल’ हा हिशेब इथे उलटा पडतो. दुसरा हात उत्पादकाने सांगितला असेल तरच द्यावा. मुरणाऱ्या तेलाचा दुसरा हात बहुधा पहिला सुकण्याआधी द्यायचा असतो, सुकल्यावर तो आत शिरत नाही.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे असते. तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवाव्यात.

चालण्यासाठी २४ तास, जड फर्निचरसाठी आणखी दोन-तीन दिवस थांबावे. पुढे दरवर्षी फटींतला पाचोळा काढून थेंबांची चाचणी घ्यावी. आता थेंब उभे राहायला हवेत. वर्दळीच्या वाटेवर ते जिरू लागले की डेक धुऊन, वाळवून एक पातळ हात द्यावा. रंग पूर्ण उडेपर्यंत थांबल्यास पुन्हा पॉलिश पेपरपासून सुरुवात करावी लागते.