शहर वाढलं की त्याची हद्द?

१९०० च्या जनगणनेत अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबील शहराची लोकसंख्या ३८,४६९ भरली आणि बर्मिंगहॅमची ३८,४१५. फरक अवघ्या ५४ माणसांचा. दहा वर्षांनी मोबील ५१,५२१ वर होतं आणि बर्मिंगहॅम थेट १,३२,६८५ वर. लोहखनिज, कोळसा आणि चुनखडी एकाच टापूत सापडतात म्हणून १८७१ मध्ये वसवलेलं हे पोलादाचं शहर खरोखरच झपाट्याने वाढत होतं, यात शंका नाही. पण १ जानेवारी १९१० रोजी एन्सली, अ‍ॅव्हनडेल, वुडलॉन, नॉर्थ बर्मिंगहॅम अशा आसपासच्या वस्त्या कायद्याने शहरात सामील झाल्या आणि त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, जनगणना झाली. घर न बदलता, बोचकं न बांधता हजारो माणसं बर्मिंगहॅमकर झाली होती.

देशाच्या लोकसंख्येचा विचार करताना आपण जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांचा हिशेब मांडतो. सीमा सहसा हलत नाही, म्हणून ती हिशेबात धरावी लागत नाही. शहराच्या बाबतीत ती धरावीच लागते. अमेरिकेचं जनगणना खातं स्थानिक संस्थांकडून दरवर्षी हद्दीतले बदल मागवतं आणि जनगणनेच्या वर्षी १ जानेवारीला जी हद्द असेल ती प्रमाण मानून त्या रेषेच्या आतली माणसं शहराच्या नावावर लावतं. खात्याच्या दृष्टीने हे अगदी रास्त आहे. घोळ होतो तो आपण दोन जनगणनांचे आकडे शेजारी ठेवून वाढीची टक्केवारी काढतो तेव्हा, कारण मधल्या दहा वर्षांत जमीनच बदललेली असू शकते.

अलाबामाच्या उत्तरेकडचं हंट्सविल पाहा. १९५० मध्ये तिथे १६,४३७ लोक होते, १९६० मध्ये ७२,३६५. त्याच १९५० साली रॉकेटशास्त्रज्ञ व्हेर्नर फॉन ब्राउन आणि त्यांचे सहकारी टेक्सासहून इथल्या रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळावर आले. १९६० मध्ये नासाचं मार्शल अवकाश केंद्र सुरू झालं आणि चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचं काम तिथे झालं. नोकऱ्या आल्या, माणसं आली आणि शहरही आपली हद्द भराभर बाहेर सरकवत राहिलं.

हंट्सविलच्या हद्दवाढीचा एक विशेष मला फार महत्त्वाचा वाटतो. या शहराने बरीचशी मोकळी जमीन, शेतं आणि माळरानं आत घेतली. अशी जमीन सामील होते त्या दिवशी लोकसंख्येत जवळपास काहीच भर पडत नाही. १९९० ते २००० या दशकात हंट्सविलची लोकसंख्या १,५९,७८९ वरून १,५८,२१६ वर घसरली होती. मोठी हद्द म्हणजे मोठी लोकसंख्या असं नातं तितकं सरळ नाही. पण पुढे घरं बांधली जातात, कारखाने येतात, तेव्हा ती सगळी वाढ आपोआप शहराच्या खात्यात जमा होते. शेजारच्या लाइमस्टोन काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) हंट्सविलने अशीच जमीन घेऊन ठेवली होती आणि माझदा-टोयोटाचा मोटारींचा मोठा कारखाना तिथेच उभा राहिला. २०२० मध्ये हंट्सविल २,१५,००६ वर पोचलं आणि राज्यातलं सर्वांत मोठं शहर ठरलं. ही वाढ खरी आहे, माणसं खरोखर नव्याने आली आहेत. मात्र ती कोणाच्या नावावर लागणार, हे बरंच आधी नकाशावर ठरलं होतं.

बर्मिंगहॅमला ती सोय फारशी उरली नव्हती. १९६० मध्ये ३,४०,८८७ चा उच्चांक गाठल्यावर ते सतत आकसत गेलं आणि २०२० मध्ये २,००,७३३ वर आलं. पोलादाच्या धंद्याला उतरती कळा लागली हे एक कारण. दुसरं कारण वंशभेदाच्या इतिहासात आहे. शाळांमधलं विभाजन संपण्याच्या काळात गोरी कुटुंबं मोठ्या संख्येने उपनगरांत गेली. होमवुड, माउंटन ब्रुक, व्हेस्टाव्हिया हिल्स आणि हूवर ही स्वतंत्र शहरं दक्षिणेला एकमेकांना लागून उभी राहिली, त्यांच्या शाळा वेगळ्या, कर वेगळे. एकदा शेजारी स्वतंत्र शहर झाला की त्याची जमीन घेता येत नाही. अमेरिकेतल्याच अल्बुकर्की शहराचे माजी महापौर डेव्हिड रस्क यांनी हद्द ताणू शकणाऱ्या शहरांना लवचीक शहरं म्हटलं. अशी शहरं उपनगरांची वाढ पोटात घेतात, बाकीची ती कुंपणापलीकडून पाहत राहतात, अशी त्यांची मांडणी होती. एकट्या हूवरमध्ये २०२० साली ९२ हजारांहून जास्त लोक होते. हीच माणसं हंट्सविलभोवतीच्या माळावर राहायला आली असती तर बहुधा हंट्सविलकर म्हणून मोजली गेली असती.

म्हणूनच महानगर क्षेत्राचे आकडे वेगळं चित्र दाखवतात. हे क्षेत्र पूर्ण काउंट्या जोडून ठरवतात आणि त्यात रोज कामाला ये-जा करणाऱ्यांचं प्रमाण पाहिलं जातं. शहराच्या हद्दीशी त्याचा संबंध नसतो. २०२० मध्ये बर्मिंगहॅमच्या महानगर क्षेत्रात ११ लाखांहून जास्त लोक होते, हंट्सविलच्या क्षेत्रात ५ लाखांहून थोडे कमी. ‘सर्वांत मोठं’ शहर दुसऱ्याच्या निम्म्याहून लहान! दोन्ही विधानं एकाच जनगणनेवर आधारलेली आहेत.

त्याच मोजणीत अलाबामाची राजधानी माँटगोमेरीचा आकडा होता २,००,६०३. म्हणजे बर्मिंगहॅमपेक्षा १३० माणसं कमी. एवढ्याशा फरकावर दुसरा-तिसरा क्रमांक लावणं मला पटत नाही. २०२० च्या जनगणनेनंतर खात्याने पडताळणी केली, तेव्हा देशभरात कृष्णवर्णीयांची मोजणी सुमारे ३.३ टक्के कमी झाल्याचा अंदाज निघाला. हा राष्ट्रीय अंदाज आहे, तो एखाद्या शहराला जसाच्या तसा लावता येत नाही. पण दोन्ही शहरांत कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत, आणि दोन लाखांच्या शहरात अर्धा टक्का चूक म्हणजेसुद्धा हजार माणसं.

मग २०२३ आलं. २०२० मध्ये मोबीलची लोकसंख्या १,८७,०४१ होती, चौघांत सर्वांत कमी. जुलै २०२३ मध्ये पश्चिमेकडच्या चार भागांत मतदान घेतलं गेलं. तीन भागांनी सामील व्हायला होकार दिला, एकाने नकार दिला. सुमारे १९ हजार माणसं शहरात आली आणि मोबील एका झटक्यात चौथ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर गेलं. हंट्सविलने रिकामी जमीन घेऊन वाट पाहिली होती, मोबीलने वस्ती असलेली जमीन घेतली. पहिल्या तऱ्हेची वाढ आकड्यांत ‘नैसर्गिक’ दिसते, दुसरी उडीसारखी दिसते. दोन्हींमागे हद्दवाढ आहे.

मोबीलच्या या हद्दवाढीत क्रमांकापेक्षा गंभीर प्रश्न मतांचा होता. मोबीलमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याहून थोडं जास्त होतं, तर नव्या भागांत गोऱ्या रहिवाशांचं प्रमाण अधिक. रेषा हलली की नगरपरिषदेतलं पारडंही हलू शकतं. याच कारणासाठी मतदान हक्क कायद्याखाली अलाबामासारख्या राज्यांना हद्दवाढीसाठीही केंद्राची पूर्वमंजुरी घ्यावी लागे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘शेल्बी काउंटी विरुद्ध होल्डर’ या निकालात ती अट निष्प्रभ केली. हे शेल्बी काउंटी अलाबामातलंच, बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला. तिथल्या कॅलेरा या लहान शहराने केलेली हद्दवाढ आणि बदललेले प्रभाग यांवर केंद्राने २००८ मध्ये घेतलेला आक्षेप या खटल्याच्या पार्श्वभूमीला होता.

वाढ खरी किती, हे पाहायचं तर जमीन तीच ठेवून दोन्ही वेळची माणसं मोजावी लागतात. जनगणना खातं वार्षिक अंदाज काढताना जवळपास हेच करतं. हद्द बदलली की २०२० चा मूळ आकडाही नव्या हद्दीनुसार दुरुस्त करून घेतं. त्यामुळे खात्याच्या नव्या तक्त्यांत मोबीलची २०२० ची लोकसंख्या दोन लाखांच्या वर दिसते आणि मूळ जनगणनेच्या तक्त्यात १,८७,०४१. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या जमिनीचे आहेत. २०३० ची मोजणी येईल तेव्हा मोबीलचा नवा आकडा १,८७,०४१ शेजारी ठेवला तर वाढ जवळपास नक्कीच दिसेल. शहर खरोखर वाढलं का, हे मात्र तो आकडा सुमारे २,०६,००० शी (१,८७,०४१ अधिक नव्याने आलेले सुमारे १९ हजार) ताडून पाहिल्यावरच कळेल.