आशांचा कामागणिक मोबदला: एका निर्णयाची पार्श्वभूमी

‘आशा’ म्हणजे गावपातळीवर आरोग्याचे काम करणाऱ्या स्त्रिया. त्यांना पगाराऐवजी कामागणिक मोबदला का ठरला, याची मुळे जुनी आहेत. उपचार आणि प्रतिबंध एकाच यंत्रणेतून, तेही प्रत्येक गावापर्यंत पोहोचावेत, ही शिफारस भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातच होती. प्रत्यक्षात १९५२ नंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहत गेली. मात्र हिवताप, क्षयरोग, कुटुंबनियोजन यांची वेगवेगळी कर्मचारी-यंत्रणा व उद्दिष्टे तशीच राहिली. नगर जिल्ह्यातील जामखेडला १९७० पासून वेगळी वाट धरली गेली. तेथे गावातल्याच, बहुतेक निरक्षर स्त्रियांना शिकवून बाळंतपण, पोषण, पाणी आणि साधे उपचार ही कामे त्यांच्या हाती सोपवण्यात आली.

केंद्राने १९७७ मध्ये देशभर अशीच योजना आणली. हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये मानधन, असे तिचे स्वरूप होते. निवड झालेल्यांत पुरुषच अधिक होते. पुढे नोकरीत कायम करण्याची मागणी झाली, प्रकरणे न्यायालयात गेली आणि योजना क्षीण होत गेली.

या अनुभवाचे सावट २००५ च्या निर्णयावर होते. ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ नेमताना त्यांना कर्मचारी न मानता स्वयंसेविका मानले गेले आणि पगाराऐवजी कामागणिक मोबदला ठरला. पगारी नोकर झाली की ती गावाची न राहता खात्याची होते, असा यामागचा युक्तिवाद होता. तो निराधार नव्हता. पण वादाचे मूळही तिथेच आहे. दवाखान्यातील प्रसूती, लसीकरण, क्षयरोग्याचा पूर्ण झालेला उपचार यांचे दर वेगवेगळे लागले, म्हणजे कार्यक्रमागणिक जी विभागणी मोडायची होती तीच मोबदल्याच्या तक्त्यातून परत आली. भांडण मिटवून एखाद्या सुनेला तपासणीला नेणे, दारूड्या नवऱ्याच्या घरी पुन्हा पुन्हा जाणे, अशा कामांना त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

नवजात बाळांच्या घरभेटींत हा ताण स्पष्ट दिसतो. गडचिरोलीच्या ३९ गावांत नव्वदच्या दशकात झालेल्या प्रयोगाने गावातली प्रशिक्षित स्त्री अर्भकमृत्यू मोठ्या प्रमाणात रोखू शकते, हे सिद्ध केले. २०११ पासून देशभर तेच काम आशांकडे आले. बाळाचे वजन करायचे, तापमान पाहायचे, घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे आणि ते ६० किंवा अधिक भरले तर बाळाला तातडीने दवाखान्यात पाठवायचे. दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर ४२ दिवसांत अशा सहा भेटी. सगळ्यांचे मिळून २५० रुपये. इतके कौशल्य आणि जबाबदारी मागणाऱ्या कामाला स्वयंसेवा म्हणणे न्याय्य नाही.

२०१३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील त्रिपक्षीय (सरकार, मालक व कामगार यांच्या) श्रम परिषदेने आशांसारख्या सरकारी योजनांत राबणाऱ्या योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन देण्याची शिफारस केली; ती अमलात आली नाही. २०१८ पासून उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर सुरू झाले आणि तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह-रक्तदाबासाठीची नोंदही आशांकडे आली. कोविडकाळातील सर्वेक्षणांनंतर महाराष्ट्रात २०२१ आणि २०२३ मध्ये त्यांनी संप केले. मार्च २०२४ मध्ये राज्याने मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ केली. कर्मचारी म्हणून दर्जा मात्र दिला नाही.