बोटीवरची इंग्रजी: सारंगाच्या बोलीपासून आंतरराष्ट्रीय नियमांपर्यंत

दहावी-बारावी झालेला कोकणातला मुलगा जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाचा कोर्स करतो, सीडीसी हे खलाशाचे नोंदपुस्तक काढतो आणि बोटीवर जातो. पुढेमागे त्याला सुकाणूवर उभे राहायचे असेल, तर सुकाणूचे हुकूम इंग्रजीतून समजून तसे वागता आले पाहिजे. ही एखाद्या कंपनीची हौस नव्हे. खलाशांच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारातच ती अट आहे. आज कोणाला तिचे नवल वाटत नाही, पण शे-दीडशे वर्षांपूर्वी याच कोकणातले खलाशी ब्रिटिश आगबोटींवर होते, तेव्हा मामला बराचसा उलटा होता. परकी बोली शिकण्याचे काम अधिकाऱ्याकडे होते.

त्या बोलीला लस्करी म्हणत. पाया हिंदुस्थानीचा आणि त्यावर अरबी, फारसी, पोर्तुगीज, गुजराती, इंग्रजी यांचे थर. जहाजाची उजवी बाजू म्हणजे ‘जमना’, डावी म्हणजे ‘डावा’. दोर सैल सोडायचा हुकूम ‘आरिया’, तो पोर्तुगीजांकडून आलेला. पुढच्या डोलकाठीवरचे शीड ‘त्रिकट’, तेही पोर्तुगीजच. १८११ साली थॉमस रोबक या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने कलकत्त्यात या बोलीचा इंग्रजी-हिंदुस्थानी कोश छापला. तो होता इंग्रज अधिकाऱ्यांसाठी. वादळात शीड उतरवायचे असताना हुकूम खलाशाला कळलाच नाही, तर हुकूम देणाराही बुडणार, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान. कामापुरती भाषा, त्या कामातल्या शब्दांसह आणि तयार वाक्यांसह शिकवायची, ही आजच्या ‘विशेष हेतूंसाठी इंग्रजी’ची व्याख्या या कोशाला चपखल बसते. फक्त शिकणारा साहेब होता आणि शिकायची भाषा इंग्रजी नव्हती.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हिंदुस्थानातले खलाशी ५० हजारांच्या घरात होते. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे लोक, इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण, तर सलूनमध्ये म्हणजे खाण्यापिण्याच्या आणि केबिनच्या कामावर गोंयकार, अशी ठरीव वाटणी असे. गोव्याच्या खलाशांच्या गावोगावच्या ‘कूड’, म्हणजे राहायच्या जागा, मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात होत्या, बोट लागेपर्यंत मुक्काम तिथेच. या मंडळींशी काम करणाऱ्या अधिकाऱ्याला लस्करी यावी अशी अपेक्षा असे, पण यात फार समतेचे दर्शन घडवून घेऊ नये. साहेबाला येई ती हुकमापुरती. बाकी सगळे सारंगामार्फत, म्हणजे खलाशांच्या मुकादमामार्फत. भरती करणारा सारंग, हुकूम पोचवणारा सारंग आणि खलाशाची तक्रार वर न्यायची की गिळायची हे ठरवणाराही सारंगच. खलाशाला मालकाची भाषा येत नव्हती, यावर पगारातला मोठा फरक वर्षानुवर्षे झाकला गेला. गोऱ्या खलाशाच्या तुलनेत त्याला मिळे ती रक्कम तुटपुंजी होती.

इंग्रज एकमेकांत बोलत तेव्हा तरी सगळे आलबेल होते असेही नाही. जुन्या जहाजांवर सुकाणू फिरवायला दांडा असे आणि दांडा एकीकडे ढकलला की जहाज दुसरीकडे वळे. पुढे चाक आले, वाफ आली, तरी हुकूम दांड्याच्या हिशेबानेच दिला जाई. १९१२ साली टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर हुकूम सुटला तो ‘हार्ड अ-स्टारबोर्ड’, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जहाज डावीकडे वळले. हुकूम बरोबर होता, बरोबर पाळलाही गेला. पण वेगवेगळ्या देशांच्या जहाजांवर उजवे-डावे वेगवेगळे असणे परवडणारे नव्हते. १९२९ च्या सागरी सुरक्षा परिषदेने ठरवले, की हुकमात जी बाजू तीच बाजू जहाजाच्या वळण्याची. ब्रिटनने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते लागू केले. समुद्रावरची भाषा कराराने बदलता येते, हे तिथे दिसले.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी बदलल्या. मालक ग्रीसचा, झेंडा पनामाचा, कप्तान एका देशाचा, खलाशी दुसऱ्याच देशाचे, असा कारभार वाढत गेला. म्हणजे ज्या एका बोलीवर सगळे डेक चालायचे, ती बोलीच उरली नाही. आणि ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या खोलीत, व्हीएचएफ रेडिओ आला. पूर्वी झेंडे आणि दिवे यांच्या खुणांनी जे बोलणे व्हायचे, ते आता तोंडी होऊ लागले. खुणेला उच्चार नसतो, तोंडी बोलण्याला असतो, आणि गोंधळ तिथून सुरू होतो. १९७७ मध्ये लंडनच्या आंतरसरकारी सागरी संघटनेने, म्हणजे आजच्या आयएमओने, नौकानयनाच्या प्रमाणित शब्दांचा पहिला संग्रह मंजूर केला.

भाषा शिकवणारे लोक यात शिरले ते साधारण याच काळात. ब्रिटिश भाषातज्ज्ञ पीटर स्ट्रेव्हन्स यांनी १९६४ मध्ये मायकेल हॅलिडे आणि अँगस मॅकिंटॉश यांच्यासोबत असा आग्रह धरला होता, की परिचारिका, पोलीस, शेतीतज्ज्ञ, अभियंते यांची भाषा प्रत्यक्ष कामात कशी वापरली जाते हे आधी तपासावे आणि मग शिकवायला घ्यावे. १९७३ नंतर तेलाच्या पैशावर आखाती देशांत तांत्रिक शिक्षण वाढले आणि ‘विशेष हेतूंसाठी इंग्रजी’ या विषयाला गिऱ्हाईक मिळाले. खारफुटीसारखी पाठ्यपुस्तके उगवली. त्यातली बरीचशी नेहमीच्या व्याकरणाला इंजिनियरचे कपडे चढवलेली होती, असे माझे मत. स्ट्रेव्हन्स मात्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्लिमथ आणि केंब्रिज इथल्या एका प्रकल्पात सामील झाले. सोबत कॅप्टन फ्रेड वीक्स, अॅलन ग्लोव्हर आणि एडवर्ड जॉन्सन. जहाजांचे रेडिओवरचे बोलणे तपासून त्यांनी ‘सीस्पीक’ तयार केली.

सीस्पीकमधली सगळ्यात हुशार युक्ती म्हणजे वाक्याच्या आधी वाक्याची जात सांगायची. आधी ‘क्वेश्चन’ म्हणायचे, मग प्रश्न. आधी ‘इन्स्ट्रक्शन’, मग सूचना. ‘वॉर्निंग’, ‘अॅडव्हाइस’, ‘इंटेन्शन’ अशी आणखी काही. रेडिओच्या खरखरीत वाक्याचा सूर हरवतो, मग हा सल्ला होता की हुकूम, हे ऐकणाऱ्याने अंदाजाने ठरवू नये म्हणून.

त्यानंतरही ही इंग्रजी ऐच्छिकच होती. ७ एप्रिल १९९० रोजी ऑस्लोहून डेन्मार्कला निघालेल्या ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी बोटीवर आग लागली आणि १५९ माणसे गेली. खलाशांतले अनेक पोर्तुगीज होते, बोटीवर नवखे होते, आणि त्यांना प्रवाशांशी काय, एकमेकांशीही धड बोलता येत नव्हते. आगीची कारणे आणि दोष यांवर नॉर्वेत पुढे अनेक वर्षे वाद चालले. पण भाषेचा प्रश्न रेडिओपुरता नाही, जहाजाच्या आतलाही आहे, हे तिथून पुढे कोणी नाकारले नाही. १९९५ मध्ये एसटीसीडब्ल्यूची फेररचना झाली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये आयएमओने नवी प्रमाणित वाक्ये मंजूर केली. खलाशी या वाक्यसंग्रहाला एसएमसीपी म्हणतात. त्यात आग, गळती, नांगर, पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार), प्रवाशांना धीर देणे, सगळ्याची वाक्ये आहेत. जहाजावर कामाची भाषा कोणती, हे आता लॉगबुकात नोंदवावे लागते.

एसएमसीपी उघडून पाहिली तर शाळेत शिकवलेली इंग्रजी तिथे मोडीत निघते. मराठी शाळेतल्या मुलाला पहिले वाक्य येते ते ‘मे आय कम इन सर?’ इथे ‘मे’ टाळायचे. फेअरवे म्हणजे जहाजांच्या ये-जा करायच्या वाटेत शिरताना ‘मे आय एंटर द फेअरवे?’ असे विचारायचे नाही, तर ‘क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टू एंटर द फेअरवे?’ उत्तरातही ‘यू मे’ नाही. कारण ‘मे’मध्ये परवानगीही आहे आणि शक्यताही. ‘कॅन’, ‘शुड’, ‘कुड’ यांचीही तीच गत. आकडे सुटे सुटे बोलायचे. १५० म्हणजे ‘वन-फाइव्ह-झीरो’, नाहीतर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत बोट खडकावर जाईल. पण सुकाणूचा कोन सांगताना मात्र ‘फिफ्टीन’च म्हणायचे, तिथे अपवाद. हुकूम मिळाला की सुकाणूवरचा माणूस तोच मोठ्याने परत म्हणतो, आणि सुकाणू तिथवर पोचले की पुन्हा सांगतो. सभ्यता, विनम्रता, वाक्यांची विविधता या गोष्टींचे गुण इथे नाहीत. कामाच्या इंग्रजीत शब्दसंपत्ती वाढवावी लागते असे आपण धरून चालतो, इथे सगळा भर ती कमी करण्यावर आहे.

तरी तयार वाक्यांनी सगळे भागत नाही. ७ नोव्हेंबर २००७ रोजी दाट धुक्यात ‘कॉस्को बुसान’ हे मालवाहू जहाज सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या खांबाच्या आवरणाला घासले आणि सुमारे २ लाख लिटर तेल खाडीत गेले. अमेरिकन पायलटने इलेक्ट्रॉनिक नकाशावरच्या खुणांचा अर्थ चिनी कप्तानाला विचारला होता आणि दोघांचा समज जुळला नव्हता. पायलटच्या चुका त्यात मोठ्या होत्या, पण मला शंका विचारायची आहे, तुमचे उत्तर पटलेले नाही, हे म्हणण्याइतकी मोकळी इंग्रजी आणि तेवढे धाडस, दोन्ही लागते. कोणत्याही वाक्यसंग्रहात ते मिळत नाही. उलट ब्रिटिश सागरी यंत्रणेने वारंवार बजावले आहे, की समोरचे जहाज नेमके कोणते याची खात्री नसताना टक्कर टाळण्यासाठी व्हीएचएफवर बोलत बसू नका, वळण्याचे नियम पाळा.

भारतात याची सोय आधी अधिकाऱ्यांसाठी झाली. १९२७ साली मुंबईत ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर कॅडेट घेतले जाऊ लागले, आणि तिथे येणारी मुले इंग्रजी घेऊनच येत. खलाशाच्या इंग्रजीकडे पद्धतशीर लक्ष गेले ते फार उशिरा, करारांच्या रेट्याने. आता अनेक कंपन्या घेण्याआधी मार्लिन्स ही खलाशांच्या इंग्रजीची चाचणी मागतात, आणि मराठी माध्यमातली मुले लिहिण्यात निभावतात, ऐकण्यात अडकतात. फिलिपिनो, युक्रेनियन, कोरियन अशा उच्चारांतून आलेला हुकूम त्यांनी आधी कधी ऐकलेला नसतो. क्लासमध्ये बहुधा मराठी किंवा हिंदीतूनच इंग्रजीची वाक्ये पाठ करून घेतात. ते अगदीच वाया जाते असे नाही, पण कानाला त्याने सवय होत नाही.

मे २०२४ मध्ये एसटीसीडब्ल्यूमध्ये आणखी एक भर पडली. जहाजावरची दादागिरी आणि लैंगिक छळासह इतर छळ रोखण्याचे प्रशिक्षण सगळ्या खलाशांच्या मूलभूत अभ्यासक्रमात आले, अंमल १ जानेवारी २०२६ पासून. आग लागली तर काय ओरडायचे ते एसएमसीपीत आहे. वरिष्ठाची तक्रार कोणत्या शब्दांत करायची ते नाही. पूर्वी ते ओझे सारंगावर होते, आता ते खलाशाने स्वतःच्या इंग्रजीत उचलायचे आहे.