फाटक पडलं की कुणाची किती मिनिटं जातात?

मुंबईत चुनाभट्टीला आमचं घर रुळांच्या एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला. हार्बरची लोकल यायची झाली की घंटा वाजायची, फाटक पडायचं आणि रिक्षा, टेम्पो, सायकली एकामागे एक थांबायच्या. गंमत म्हणजे फाटक उठलं तरी आमची रिक्षा लगेच हलायची नाही. लोकल वडाळ्याकडे कधीच निघून गेलेली, रांग मात्र जागच्या जागी. फाटक तीनच मिनिटं बंद होतं, मग आपण इतका वेळ का थांबलो, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं.

ते कागदावर मांडून पाहू. समजा रस्त्यावर मिनिटाला 10 वाहनं येतात आणि उघड्या फाटकातून मिनिटाला 20 जाऊ शकतात. फाटक 3 मिनिटं बंद राहिलं तर 30 वाहनं तुंबतात. उघडल्यावर मिनिटाला 20 सुटतात खरी, पण तेवढ्यात मागून 10 नवी येऊन मिळतात, म्हणून रांग मिनिटाला 10नंच कमी होते. ती संपायला आणखी 3 मिनिटं लागतात. रांगेची लांबी आणि वेळ यांचा आलेख काढला तर त्रिकोण मिळतो. त्याचा पाया 6 मिनिटांचा, उंची 30 वाहनांची. त्रिकोणाचं क्षेत्रफळ म्हणजे सगळ्यांचा मिळून गेलेला वेळ, 90 वाहन-मिनिटं. आता फाटक 6 मिनिटं बंद ठेवा. पायाही दुप्पट, उंचीही दुप्पट, म्हणून खोळंबा 360 वाहन-मिनिटं. बंदचा वेळ दुप्पट झाला की खोळंबा चौपट होतो. मुंबईत तर पहिली रांग विरते न विरते तोच दुसऱ्या दिशेची लोकल येते, आणि त्रिकोण एकमेकांवर चढत जातात.

हा झाला रस्त्याचा हिशेब. रुळांवरचा हिशेब मात्र फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसतच नाही.

फाटक आणि सिग्नल एकमेकांशी जखडलेले असतात. याला इंटरलॉकिंग म्हणतात. फाटक पुरतं बंद होऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. सुरक्षेसाठी हे हवंच. पण गर्दीच्या वेळी एखादा टेम्पो मध्येच अडकला आणि गेटमनला फाटक पाडता आलं नाही, की लोकल लाल सिग्नलला उभी. बारा डब्यांच्या गच्च भरलेल्या लोकलमध्ये 4,000 माणसं धरली, तरी 2 मिनिटांच्या थांब्यात 8,000 माणूस-मिनिटं जातात. वरच्या उदाहरणातल्या प्रत्येक वाहनात दोन माणसं धरली तर रस्त्यावरचा खोळंबा भरतो 180 माणूस-मिनिटांचा. फरक चाळीस पटींहून जास्त आहे. मागच्या लोकल तीन-चार मिनिटांच्या अंतरानं येत असतात, त्यांचा उशीर यात अजून धरलेलाच नाही.

म्हणून मुंबईत फाटकाच्या जागी पूल बांधला की सर्वांत मोठा फायदा होतो तो ते फाटक कधीही न पाहिलेल्या माणसांचा. कळव्याजवळच्या खारेगावचं फाटक 2022च्या जानेवारीत पूल झाल्यावर बंद झालं. त्याचा लाभ कळवेकरांना झालाच, पण कल्याण-डोंबिवलीहून दादर गाठणाऱ्यालाही झाला, आणि त्याला त्याचा पत्ताही नसेल.

कुठलं फाटक आधी काढायचं हे ठरवायला रेल्वेचं एक माप आहे, टीव्हीयू, म्हणजे ट्रेन व्हेइकल युनिट. दिवसभरातल्या गाड्या गुणिले दिवसभरातली वाहनं. मोटार एक, बैलगाडी एक, रिक्षा अर्धी. हा गुणाकार एक लाखावर गेला की पुलाचा निम्मा खर्च उचलायला रेल्वे तयार होते, असा ठरलेला रिवाज. विरळ गाड्यांच्या मार्गावर हे माप चांगलं चालतं. पण दिवसाला 500 गाड्या धावणाऱ्या मार्गावर एक लाख गाठायला 200 वाहनं पुरतात, आणि वरच्या उदाहरणातल्या रस्त्यावर ती 20 मिनिटांत येतात. सगळीच फाटकं पास होणार असतील तर परीक्षा कसली? शिवाय या मापात चार हजार माणसांची लोकल म्हणजे एक, आणि एकटा माणूस बसलेली मोटारही एकच. पायी चालणारा तर शून्य.

खर्चाकडे वळू. रुळांवरच्या तारेत 25,000 व्होल्टचा दाब असतो, म्हणून पुलाची खालची बाजू रुळांपासून साधारण साडेसहा मीटर उंच ठेवावी लागते. त्यात गर्डरची, म्हणजे पूल पेलणाऱ्या तुळईची, जाडी मिळवली की रस्ता जातो आठ मीटरवर. ट्रक आणि बस चढायच्या तर दर 30 मीटरला 1 मीटर एवढाच चढ देता येतो. म्हणजे दोन्ही बाजूंना 240-240 मीटरचा उतार, आणि तोही जिथं एक दुकान हलवायचं तरी वर्षं जातात अशा वस्तीत. विक्रोळीचा पूल 615 मीटर लांब आहे, तो याच गणितामुळे. त्याचा सुरुवातीचा अंदाज सुमारे 37 कोटींचा होता, खर्च शंभर कोटींच्या पुढे गेला. काम 2018 साली सुरू झालं आणि पूल खुला झाला 14 जून 2025 रोजी. वाढलेले कोटी डोळ्यांत भरतात. पण मधल्या सात वर्षांत पूर्वेहून पश्चिमेला जायला वळसा घालणाऱ्यांचा वेळ कुठल्याच वहीत खर्ची पडला नाही, आणि मला तो तोटा जास्त मोठा वाटतो.

रस्ता वर नेण्याऐवजी खालून न्यावा, तर पावसाळा आडवा येतो. सांताक्रूझचा मिलन सबवे आणि अंधेरीचा सबवे दरवर्षी बातम्यांत असतात. आजूबाजूची सर्वांत सखल जागा आपणच खणून ठेवलेली असते, आणि भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की नाल्यांना समुद्रात वाट मिळत नाही.

शिवाय पूल एकदा बांधला म्हणजे झालं, असंही नाही. सँडहर्स्ट रोडचा जुना हँकॉक पूल जानेवारी 2016 मध्ये पाडला, नव्या पुलावरून वाहतूक सुरू व्हायला 2022 उजाडलं. मधल्या काळात पलीकडे जायचं असलेली माणसं रुळांत उतरत राहिली.

माझा जीव अडकतो तो इथं. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीनं 2012 साली नोंदवलं की रूळ ओलांडताना देशात दरवर्षी सुमारे 15,000 माणसं मरतात आणि त्यांतली सुमारे 6,000 मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. याच समितीनं सगळी फाटकं काढून टाकायला अंदाजे 50,000 कोटी लागतील आणि ते सात-आठ वर्षांत वसूल होतील, असंही म्हटलं होतं. फाटकं काढावीत हे मलाही मान्य आहे. पण भाजीची पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईचा हिशेब मांडून पाहा. फाटकातून पलीकडे जायला तिला वीस पावलं पुरत होती. आता 600 मीटरचा पूल, म्हणजे सात-आठ मिनिटांची चाल, नाहीतर पादचारी पुलाच्या चाळीसहून अधिक पायऱ्या चढायच्या आणि तेवढ्याच उतरायच्या. ती रुळांकडे वळली तर तिला बेशिस्त म्हणणं सोपं आहे. आपण तिच्या माथी रोजची पंधरा मिनिटं मारली आणि अंदाजपत्रकात ती शून्य धरली.

फाटक बंद करण्याआधी पहाटेच्या पहिल्या लोकलपासून रात्रीच्या शेवटच्या लोकलपर्यंत एक दिवस तिथं माणसं मोजावीत. ओझं घेतलेली किती, काठी टेकणारी किती, दप्तरवाली किती, हे वेगळं लिहावं. आणि लिफ्ट किंवा सरकता जिना असलेला पादचारी पूल वाहनांच्या पुलाच्या मागाहून नको, त्याच्या आधी खुला व्हावा. शंभर कोटींच्या कामात त्याचा खर्च लहान असतो, आणि फाटकाला शेवटचं कुलूप लागेल त्या सकाळी त्या बाईला जायला वाट असेल.