फळमाशी झोपत नाही?

‘कीटकांना झोप नसते, उजेड पडला की ते फिरतात, एवढंच,’ असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतोही, कारण माशी डोळे मिटत नाही. तिला पापण्याच नसतात! पण फळमाशी सलग अंधारात ठेवली तरी साधारण 24 तासांचा क्रम पाळते. म्हणजे घड्याळ तिच्या आतच आहे.

पण ती झोपते का, हे तपासायचं कसं? बारीक काचनळीत एक माशी, मधोमध अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, किरण. तिने किरण ओलांडला की नोंद होते. 5 मिनिटं हालचाल नसेल तर ती झोप धरतात. अशा माशीला उठवायला धक्काही जोराचा लागतो. जागरण घडवलं, तर नंतर ती जास्त झोपते.

खाद्यात कॅफिन मिसळलं की झोप घटते. पण झोप न घटता माशीची नुसतीच चुळबुळ वाढली असेल, ही शंका रास्तच. म्हणून जागेपणीच्या दर मिनिटाच्या फेऱ्या वेगळ्या मोजतात; त्या वाढल्या नसतील, तर नुसती चुळबुळ हे कारण नाही.