लहान पुरवठादारांसाठी सेडेक्स नोंदणी आणि स्मेटा ऑडिट: पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

मोठ्या कंपनीची ऑर्डर पक्की होत आली की ईमेल येतो: सेडेक्सवर नोंदणी करा आणि स्मेटा ऑडिटचा अहवाल पाठवा. सेडेक्स हा पुरवठादारांच्या कामाच्या परिस्थितीची माहिती खरेदीदारांना दाखवणारा ऑनलाइन मंच आहे आणि स्मेटा ही त्याची कामाच्या जागेच्या तपासणीची पद्धत. वीस-पंचवीस माणसांच्या युनिटमध्ये या कामाला वेगळा माणूस नसतो, सगळं मालकाच्याच अंगावर येतं. नेमके तेव्हाच ‘सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणणारे भेटतात. स्मेटा हे सर्टिफिकेट नाही आणि त्यात पास-नापासही नसतं. ऑडिटरला काय आढळलं आणि काय सुधारायचं, याचा तो अहवाल असतो. पास करून देण्याची हमी कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका.

कोणाला करता येतं?

कामगारांच्या किमान संख्येची किंवा उलाढालीची अट नाही. माल किंवा सेवा पुरवणारा कोणताही व्यवसाय वार्षिक शुल्क भरून सदस्य होऊ शकतो. कामाच्या जागा दोन असतील तर दोन्हींची नोंद वेगळी करावी लागते.

नोंदणी

सदस्य झाल्यावर कंपनीला ‘झेडसी’ने सुरू होणारा आणि प्रत्येक जागेला ‘झेडएस’ने सुरू होणारा कोड मिळतो. मग स्वयंमूल्यांकनाची प्रश्नावली भरायची. ती घाईत किंवा दुसऱ्याकडून भरून घेऊ नका, कारण ऑडिटर तुमची उत्तरं वाचून येतो. खरेदीदाराशी खातं जोडून परवानगी दिली की त्याला तुमची माहिती दिसते.

ऑडिट दोन भागांचं की चार भागांचं, हे खरेदीदाराला आधी विचारा. दोन भागांत कामगार हक्क आणि आरोग्य-सुरक्षा येतात. चार भागांत पर्यावरण आणि व्यवसायातली सचोटी यांची भर पडते. खर्चही वाढतो. ऑडिट मान्यताप्राप्त संस्थेकडूनच करून घ्यावं लागतं आणि कामगारांच्या संख्येनुसार त्याचे दिवस ठरतात.

कागदपत्रं

व्यवसायाचे परवाने, इमारतीची आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रं, यंत्रांच्या तपासणीच्या नोंदी, अपघात नोंदवही, आग लागल्यास बाहेर पडण्याच्या सरावाच्या नोंदी, कामगारांचे करार आणि वयाचे पुरावे. ठेकेदाराची माणसं असतील तर त्यांचेही कागद लागतात, आणि हेच बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ओळखपत्रांच्या फक्त प्रती ठेवा. मूळ कागद किंवा अनामत रक्कम मालकाने अडकवून ठेवणं हे सक्तीच्या मजुरीचं लक्षण मानलं जातं.

खरी कसोटी हजेरीपत्रक आणि पगारपत्रकाची. मागच्या १२ महिन्यांच्या नोंदी तयार ठेवा. ऑडिटर त्यातून गर्दीच्या आणि मंदीच्या महिन्यांचे नमुने काढतो. स्मेटा ज्या ईटीआय बेस कोडवर, म्हणजे ‘एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह’ या संस्थेच्या कामगार हक्कांच्या नियमावलीवर उभं आहे, त्यात नेहमीचे तास आठवड्याला ४८ पेक्षा जास्त नसावेत, ओव्हरटाइम धरून एकूण ६० च्या वर अपवादानेच जावेत आणि सात दिवसांत एक सुट्टी असावी, असं आहे. स्थानिक कायदा याहून कडक असेल तर तोच लागू होतो. तास जास्त भरले म्हणून दुसरं, ‘स्वच्छ’ रजिस्टर करू नका. उत्पादनाच्या नोंदी, गेटवही आणि कामगारांचं बोलणं यांच्याशी ते जुळत नाही आणि मग तुमच्या इतर खऱ्या कागदांवरही शंका येते. जादा तासांची त्रुटी दुरुस्त करता येते, गेलेला विश्वास मात्र सहज परत येत नाही.

ऑडिटचा दिवस

सुरुवातीची बैठक, जागेची पाहणी, कागदांची तपासणी, कामगारांच्या मुलाखती आणि शेवटची बैठक. मुलाखतींना मालक किंवा सुपरवायझर हजर राहत नाहीत. कामगारांना उत्तरं पढवू नका. त्यांनी भीती न बाळगता बोलावं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे.

त्रुटी निघाल्या तर

सुधारणा आराखड्यात प्रत्येक त्रुटी आणि तिची मुदत लिहिलेली असते. काही त्रुटी फोटो किंवा कागद अपलोड करून बंद होतात, काहींसाठी ऑडिटर पुन्हा येतो. वाढलेल्या तासांचं मूळ खरेदीदाराच्या ऐनवेळच्या ऑर्डरमध्ये असेल, तर तारखांसह तसं लिहा आणि त्यालाही कळवा. २०२४ मध्ये आलेल्या स्मेटा ७.० मध्ये, पुरवठादाराला एकट्याने सोडवता न येणाऱ्या बाबींसाठी ‘एकत्रित कृती’ अशी वेगळी नोंद आहे. लहान पुरवठादाराने तिचा आधार घ्यायला संकोच करू नये.