नोकरीला बांधलेला विमा : अमेरिका आणि कॅनडा यांच्या वाटा कोठे वेगळ्या झाल्या

आजारपणाचा खर्च कोणी उचलावा, या प्रश्नावर अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. सर्व नागरिकांच्या उपचारांचे बिल करांतून उभारलेल्या एकाच सार्वजनिक निधीतून भरले जावे, असे एका बाजूचे म्हणणे आहे आणि या पद्धतीला ‘सिंगल पेयर’ म्हणतात. दुसरी बाजू खासगी विमा कंपन्यांमधील स्पर्धा आणि ग्राहकाचे निवडस्वातंत्र्य यांवर भर देते. सिंगल पेयर म्हणजे सरकारी दवाखाने आणि पगारी सरकारी डॉक्टर असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. ज्या कॅनडाचा दाखला या वादात नेहमी दिला जातो, तेथे बहुतेक डॉक्टर आजही स्वतंत्र व्यावसायिक आहेत. त्यांचे बिल तेवढे प्रांतिक सरकारकडे जाते.

अमेरिकेत आजारपणाच्या सामाजिक विम्याची मागणी 1912 मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या जाहीरनाम्यात आली होती. ती मागे पडली. 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आरोग्यविमा बाहेरच ठेवला, कारण डॉक्टरांच्या विरोधामुळे निवृत्तिवेतनाची तरतूदही बुडेल अशी भीती होती.

तोपर्यंत विम्याची वेगळी वाट निघाली होती. 1929 मध्ये डॅलस येथील बेलर रुग्णालयाची बिले थकत होती. त्या वेळी तेथील कारभार पाहणारे जस्टिन फोर्ड किंबल यांनी शहरातील शाळाशिक्षकांसाठी योजना आखली. महिन्याला 50 सेंट भरायचे आणि त्या बदल्यात वर्षातून 21 दिवसांपर्यंत रुग्णालयात उपचार मिळवायचे, असे तिचे स्वरूप होते. पुढे ‘ब्लू क्रॉस’ या नावाने पसरलेल्या योजनांचे मूळ येथे आहे. मंदीच्या काळात रुग्णालयांना खात्रीचे उत्पन्न हवे होते आणि मध्यमवर्गाला अचानक येणाऱ्या बिलापासून संरक्षण हवे होते. दोघांचीही गरज यातून भागली.

तरीही 1940 पर्यंत असा विमा असलेले लोक थोडेच होते. चित्र पालटले ते महायुद्धामुळे. ऑक्टोबर 1942 मध्ये महागाई आवरण्यासाठी अमेरिकी सरकारने वेतनवाढीवर बंधने घातली, मात्र विमा आणि निवृत्तिवेतन यांसारख्या लाभांना त्यातून वगळले. कामगारांची टंचाई होती आणि पगार वाढवता येत नव्हता, म्हणून मालकांनी आरोग्यविमा देऊ केला. युद्धानंतर कामगार संघटनांनी वाटाघाटींतून तो अधिक भक्कम केला आणि 1954 च्या करसंहितेने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून कायमचा वगळला. माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत निर्णायक घटना हीच आहे, कारण नोकरी आणि विमा यांची जी गाठ बसली ती कोणत्याही निवडणुकीत लोकांसमोर ठेवून, तत्त्व म्हणून स्वीकारलेली नव्हती. पुण्या-मुंबईहून तेथे नोकरीला गेलेल्या कुटुंबांना ही गाठ चांगली परिचयाची आहे. नोकरी गेली की व्हिसाइतकीच विम्याचीही चिंता घरात शिरते.

नोव्हेंबर 1945 मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे ठेवला. ते 1948 ची निवडणूक जिंकल्यावर अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक सभासदाकडून 25 डॉलरची विशेष वर्गणी मागितली, ‘व्हिटेकर अँड बॅक्स्टर’ ही प्रचारसंस्था नेमली आणि या योजनेवर ‘समाजवादी वैद्यक’ असा शिक्का मारला. शीतयुद्धाच्या वातावरणात तो शिक्का पुसणे कठीण होते. शिवाय ज्या संघटित कामगारांनी एरवी या मागणीसाठी रस्त्यावर यावे, त्यांच्यापैकी अनेकांना मालकाकडून विमा मिळू लागला होता.

त्याच वर्षांत सीमेपलीकडे कॅनडात सस्कॅचवान या गव्हाच्या शेतीवर जगणाऱ्या प्रांतात वेगळे घडत होते. टॉमी डग्लस 1944 मध्ये तेथे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री झाले. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडाला गंभीर संसर्ग झाला होता आणि घरची परिस्थिती बेताची होती. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ही शस्त्रक्रिया उपयोगी पडेल म्हणून एका शल्यविशारदाने ती विनामूल्य केली आणि त्यांचा पाय वाचला. उपचार असे कोणाच्या कृपेवर अवलंबून राहू नयेत, ही त्यांची आयुष्यभराची धारणा होती. 1947 मध्ये प्रांताने सर्वांसाठी रुग्णालयविमा सुरू केला आणि दहा वर्षांनी केंद्र सरकारने अशा योजनांचा खर्च वाटून घेण्याचा कायदा केला.

खरी कसोटी 1 जुलै 1962 रोजी लागली. डॉक्टरांच्या सेवेलाही सार्वजनिक विमा लागू झाला आणि त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टर संपावर गेले. डग्लस तोवर केंद्रीय राजकारणात गेले होते, त्यामुळे हे ओझे त्यांच्यानंतरचे प्रीमियर वुड्रो लॉइड यांच्यावर आले. ब्रिटनहून डॉक्टर आणावे लागले, विरोधी मोर्चे निघाले. 23 दिवसांनी सॅस्काटून येथे तडजोड झाली : डॉक्टर सरकारचे नोकर होणार नाहीत, प्रत्येक सेवेमागे शुल्क घेतील, पण योजना सर्वांसाठी राहील. एका प्रांतात हे चालते हे दिसल्यावर 1966 च्या कायद्याने ते देशभर नेले आणि 1984 च्या कॅनडा आरोग्य कायद्याने रुग्णाकडून वरकड पैसे घेणाऱ्या प्रांतांच्या केंद्रीय अनुदानाला कात्री लावली. या व्यवस्थेत उणिवाही राहिल्या. घरी घ्यायची औषधे आणि दंतोपचार मूळ योजनेबाहेर राहिले, आणि सांधेबदलासारख्या शस्त्रक्रियांसाठी कित्येक महिने थांबावे लागते, ही तेथील लोकांची खरी तक्रार आहे.

अमेरिकेने 30 जुलै 1965 रोजी अर्धी वाट चालून पाहिली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्या गावी जाऊन मेडिकेअर कायद्यावर सही केली. त्यातून 65 वर्षांवरील नागरिकांसाठी सार्वजनिक विमा आला, तर त्याच कायद्यातील मेडिकेडने गरिबांची सोय केली. सर्वाधिक आजारी पडणारे वृद्ध सरकारकडे आणि धडधाकट नोकरदार खासगी कंपन्यांकडे, अशी वाटणी झाली. यामुळे सर्वांना एका छत्राखाली आणण्याचा राजकीय रेटा ओसरला, असे मला वाटते. निक्सन यांची 1974 ची आणि क्लिंटन यांची 1993 ची योजना फसली. ओबामा यांच्या 2010 च्या कायद्याने जुन्या आजाराचे कारण देऊन विमा नाकारणे बंद केले, पण खासगी कंपन्यांची चौकट कायम ठेवली.

व्हर्मांट राज्याने 2011 मध्ये सिंगल पेयरच्या दिशेने जाणारा कायदा केला. त्यासाठी वेतनावर मालकांकडून 11.5 टक्के आणि उत्पन्नावर 9.5 टक्क्यांपर्यंत आकारणी लागेल असा हिशेब आला, तेव्हा डिसेंबर 2014 मध्ये गव्हर्नर पीटर शमलिन यांनी योजना सोडून दिली. विम्याचा हप्ता आजही कामगाराच्या पगारातूनच जातो, पण मालक तो परस्पर भरत असल्यामुळे त्याचे ओझे दिसत नाही. कर मात्र आकड्यासकट समोर येतो.

सिनेटर बर्नी सँडर्स यांनी ‘सर्वांसाठी मेडिकेअर’चे विधेयक 2017 मध्ये पुन्हा मांडले. फेब्रुवारी 2020 मध्ये नेवाडा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारनिवडीच्या वेळी लास वेगासच्या हॉटेल कामगारांच्या संघटनेने, झगडून मिळवलेला आपला विमा या योजनेत संपेल, असा इशारा सभासदांना दिला. संघटनेच्या अनेक सभासदांनी तरीही सँडर्स यांनाच मत दिले आणि ते ती फेरी जिंकले.